नागपुरात युवा सल्लागार आयोग काढायचाय? पहिल्या अर्जापासून पहिल्या लेखी उत्तरापर्यंत

तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्या मोहल्ल्यातल्या अकरा पोट्ट्यांना एका सरकारी ऑफिसात 'युवा संवाद' म्हणून बोलावलं होतं. बुके झाले, दीपप्रज्वलन झालं, साहेब चाळीस मिनिटं बोलले, पोट्ट्यांना सगळे मिळून सहा मिनिटं मिळाली, मग समोसा, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. एका पोरीने ट्यूशनवरून येतानाच्या रस्त्यावरच्या बंद लाईटची यादी करून आणली होती, ती साहेबांनी हसून पीएकडे दिली, पीएने पेपरवेटखाली ठेवली, बहुतेक अजून तिथेच असेल. सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून दिलं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो, चुका करत करत शिकलो, आणि आता कोणी विचारलं की 'दादा आपल्या झोनमध्ये असं काही करायचंय' तर जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहून राहिलो आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी आयोग म्हणजे काय ते पक्कं करा

युवा संसद, अभिरूप सभा, एक दिवसाचा महापौर हे सगळं चांगलंच आहे, भाषणाची भीती मोडते, पण तो आयोग नाही. आयोग म्हणजे पोरापोरींची कायम बसणारी समिती, जिला ठरलेल्या विषयांवर मत द्यायचा हक्क आहे आणि त्या मताला समोरच्याने उत्तर द्यायचं बंधन आहे. मत मानलंच पाहिजे असं नाही, सल्लागार आहे ना बापा, पण उत्तर द्यायलाच पाहिजे. हा एक मुद्दा ठरावात नसेल तर बाकी सगळं समोश्यावर येऊन थांबतं.

जगात याचं सगळ्यात नीट उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को. तिथे १९९५ मध्ये मतदारांनी मतदान करून शहराच्या सनदेतच, म्हणजे शहराच्या मूळ कायद्यातच, युथ कमिशन घातलं. १७ सदस्य, वय १२ ते २३. ११ नगर पर्यवेक्षक (म्हणजे तिथले नगरसेवक) प्रत्येकी एक नेमतात, उरलेले सहा महापौर नेमतो आणि त्यातल्या पाच जागा ज्यांचा आवाज एरवी पोचत नाही अशा समाजगटांसाठी. आणि खरी गंमत पुढे आहे, मुलांशी-तरुणांशी मुख्यतः संबंध असलेला विषय तिथल्या सभेने आधी या कमिशनकडे पाठवायचा आणि १२ दिवस थांबायचं, त्याआधी अंतिम निर्णय घ्यायचा नाही. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन शहराने तर शाळकरी पोरांना नियोजन विभागात अर्धवेळ पगारी काम दिलं.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे पोरांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं बोलावणं, आणि या तिघींना तो सहभाग धरतच नाही. आमचा समोश्याचा कार्यक्रम दुसऱ्या पायरीवर होता, फार तर तिसऱ्या.

पहिली पायरी: कोणतं काम कोणाचं, हे शोधा

इथे नागपूरकर हमखास फसतो. आपल्या डोक्यात 'मनपा' म्हणजे सगळं सरकार. पण रस्त्यावरचा दिवा मनपाच्या विद्युत विभागाचा, घरात येणारी वीज महावितरणची, मेट्रो महामेट्रोची, 'आपली बस' ही शहर बससेवा मनपाच्या परिवहन विभागाची, सिग्नलवरचा शिपाई वाहतूक पोलिसांचा, लेआऊटचा नकाशा बरेचदा नासुप्रचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा. ही नासुप्र १९३६ पासून मनपाच्या शेजारी स्वतंत्र चूल मांडून बसलीय, त्यामुळे एखादं उद्यान कोणाचं यावर दोन ऑफिसं तुम्हाला महिनाभर इकडून तिकडे फिरवू शकतात.

म्हणून आधी एक वही करा. डाव्या पानावर पोरांचे प्रश्न, उजव्या पानावर तो कोणत्या ऑफिसचा, कोणत्या विभागाचा, कोणत्या पदाचा. माणसाचं नाव लिहू नका, पद लिहा, माणसं बदलतात. दहा प्रश्नांपैकी सहा-सात जरी मनपाचे निघाले तरी आयोग मनपाकडे मागायचा. मनपाचे दहा झोन आहेत (लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी), प्रत्येकाला सहायक आयुक्त आहे, आणि खरं सांगायचं तर सिव्हिल लाईन्सच्या मुख्यालयापेक्षा झोन ऑफिसात काम लवकर होतं.

दुसरी पायरी: कागद कोणाच्या सहीने निघणार

आपल्या कायद्यात म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये युवा आयोगाची वेगळी तरतूद नाही. घाबरू नका, रस्ते तीन आहेत.

एक, आयुक्तांचा कार्यालयीन आदेश. सगळ्यात सोपा, आयुक्तांना पटलं तर पंधरा दिवसांत निघतो. पण आयुक्त आयएएस, आज आहेत, उद्या बदली. नव्या साहेबांना तुमची फाईल म्हणजे जुन्या साहेबांची हौस.

दोन, सर्वसाधारण सभेचा ठराव. वेळ लागतो, एखाद्या नगरसेवकाला प्रस्ताव द्यायला लावावा लागतो, निगम सचिवांकडून तो विषयपत्रिकेवर यावा लागतो. पण एकदा मंजूर झाला की तो सभागृहाचा होतो, मोडायलाही सभागृहच लागतं. नागपुरात मधली काही वर्षं हा रस्ताच बंद होता, २०१७ ला निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला झाली, तोवर प्रशासकच सगळं. आता १५१ नगरसेवक आहेत, म्हणजे पटवायला १५१ दरवाजे आहेत, त्यातले तीन-चार उघडले तरी पुरे.

तीन, प्रभाग समिती. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. आपल्या अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे त्यात त्या भागातल्या सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन लोक नामनिर्देशित करता येतात, फक्त ते तिथले मतदार पाहिजेत, म्हणजे १८ पूर्ण. निवडणुकीला उभं राहायला २१ लागतात पण इथे १८ चालतात, हे बऱ्याच पोट्ट्यांना माहीतच नसतं.

माझं मत विचाराल तर आधी एका झोनमध्ये प्रभाग समितीकडून सहा महिन्यांचा प्रयोग करा आणि त्याची फाईल घेऊन मग सभागृहात ठरावाला जा. रिकाम्या हाताने ठराव मागितला की 'अभ्यास करून सांगतो' असं उत्तर येतं, आणि तो अभ्यास कधी संपत नाही.

तिसरी पायरी: ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या

कोणी लिहून देईल म्हणून थांबू नका. आम्ही वापरला तो मसुदा साधारण असा:

"नागपूर महानगरपालिका क्षेत्रात राहणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील २५ सदस्यांचा युवा सल्लागार आयोग स्थापन करण्यात येत आहे. शाळा, ग्रंथालये, क्रीडांगणे, उद्याने, शहर बससेवा व पथदिवे यांबाबतचे प्रस्ताव सभेपुढे ठेवण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी आयोगाकडे अभिप्रायासाठी पाठविण्यात यावेत. आयोगाच्या शिफारशीवर संबंधित विभागप्रमुखांनी ३० दिवसांत, शिफारस मान्य अथवा अमान्य करण्याच्या कारणांसह लेखी उत्तर द्यावे. आयोगाच्या कामकाजासाठी एक समन्वय अधिकारी नेमण्यात यावा व स्वतंत्र लेखाशीर्षाखाली तरतूद करण्यात यावी."

चारच वाक्यं आहेत. तिसऱ्या वाक्यावर सगळी मारामारी होते. 'शक्य तितक्या लवकर', 'आवश्यकतेनुसार' असले शब्द घालायला सांगतील, गोड बोलून नाही म्हणा. ३० चे ४५ दिवस करा म्हणाले तर करा, पण आकडा सोडू नका. आणि 'कारणांसह' हा शब्द तर अजिबात सोडू नका, नाहीतर उत्तर येईल 'तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल' आणि तुम्ही ते फ्रेम करून भिंतीवर लावा.

वयाचं म्हणाल तर २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९. आम्ही वरचं टोक मुद्दाम २४ वर आणलं कारण २८ वर्षांचा कार्यकर्ता आणि दहावीतली पोरगी एका टेबलावर बसले की कोण बोलणार हे सांगायला ज्योतिषी नको.

चौथी पायरी: पोट्टे निवडायचे कसे

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. शाळांना पत्र पाठवून 'दोन हुशार विद्यार्थी पाठवा' म्हटलं की प्रत्येक शाळेचे मॉनिटर आणि वक्तृत्व स्पर्धावाले येतात. छान बोलतात, पण त्यातल्या कितीजणांना बस स्टॉपवर चाळीस मिनिटं उभं राहावं लागतं? ज्याचा बाप कारने सोडतो त्याला आपली बसच्या वेळापत्रकावर विचारून काय मिळणार?

आमचं गणित असं: दहा झोनमधून प्रत्येकी दोन म्हणजे २०, प्रत्येक झोनच्या दोघांत एक मुलगी असलीच पाहिजे, आणि पाच जागा राखून ठेवलेल्या. त्या पाचांत मनपा शाळेतलं एक, आयटीआयवालं एक, शाळा सोडून कामावर लागलेलं एक, अपंग एक, आणि शिकायला बाहेरून येऊन हॉस्टेलमध्ये राहणारं एक. गडचिरोली-गोंदियाकडून नागपुरात शिकायला येणारी पोरं दोन-चार वर्षं इथलं पाणी पितात, इथल्या बसने फिरतात, पण त्यांना इथलं कोणी धरतच नाही.

फॉर्म एका पानाचा, मराठी आणि हिंदी दोन्हीत, जरीपटका-मोमीनपुऱ्यात फक्त मराठी फॉर्म वाटाल तर हात हलवत परत याल. मार्क विचारू नका. दोनच प्रश्न ठेवा: 'तुमच्या घरापासून शाळा, कॉलेज किंवा कामापर्यंतच्या रस्त्यावर रोज काय खटकतं?' आणि 'त्याबद्दल आतापर्यंत कोणाला सांगितलं?' लिहिता येत नसेल तर व्हॉइस नोट चालते. फॉर्म कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावून भागत नाही, कळमन्याच्या मार्केटात, सीताबर्डीच्या दुकानांत, अभ्यासिकांत, क्रिकेटच्या मैदानावर माणूस पाठवून वाटावे लागतात. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) पोरांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला भेटा, हे वाटपाचं काम त्यात बसवता आलं तर दोघांचंही भलं.

मुलाखतीला पाच जणांचं पॅनल, त्यात किमान दोघं तरुण. शेवटी पात्र ठरलेल्यांतून निम्म्या जागा चिठ्ठ्या टाकून भरा, आणि तेही सगळ्यांसमोर. कारण 'अमुक भाऊंचा भाचा आहे, घेऊन टाका' हा फोन येणारच आहे, चिठ्ठी असली की तुम्हाला बिनधास्त सांगता येतं, भाऊ, चिठ्ठीत नाव निघालं नाही तर मी काय करू.

पैसे

पटकन सांगतो. २५ जण, वर्षात १२ बैठका, माणशी १५० रुपये येण्याजाण्याचे आणि नाश्त्याचे, झाले ४५,००० रुपये. झेरॉक्स, फाईल, सर्व्हेचे दोन दिवस धरून साठेक हजारात वर्ष निघतं. मनपाच्या बजेटात ही रक्कम चिल्लर आहे, तरी मागा, आणि स्वतंत्र लेखाशीर्षातच, म्हणजे बजेटातल्या वेगळ्या खात्यातच मागा. कोण्या नेत्याने स्पॉन्सर केलं की पहिल्याच बैठकीला मागे त्याचं बॅनर लागतं. बसभाडं त्याच दिवशी रोख द्या, 'बिल टाका, नंतर मिळेल' म्हटलं की दुकानात काम करणारं पोट्टं दुसऱ्या बैठकीला येत नाही. आणि हो, नाश्त्याला तर्री पोहाच ठेवा, हजेरी वाढते, अनुभव आहे.

कॅलेंडर आधी, बैठक नंतर

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणून आयोगाचं वर्ष जुलैत सुरू करा. जुलै-ऑगस्ट निवड आणि ट्रेनिंग. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी काही ठेवू नका, महाल-इतवारीतलं एकही पोट्टं येणार नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर फिरून सर्व्हे आणि शिफारशी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की अर्धे अधिकारी बंदोबस्तात आणि व्हीआयपींच्या तयारीत अडकतात, तेव्हा साहेबांच्या वेळा मागूच नका. मनपाचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणजे बजेटमध्ये काही घालायचं असेल तर तुमचा कागद डिसेंबरच्या आत विभागाकडे पाहिजे, फेब्रुवारीत दिलात तर तो पुढच्या वर्षीसाठीच समजा. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षा, दहावी-बारावीवाल्यांना सुट्टी द्या. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी पोरांना सर्व्हेला फिरवणारा माणूस आयोगात नको, फिरायचं तर सकाळी सात ते नऊ.

ट्रेनिंग: पोल नंबर

लेक्चर ठेवू नका. तीन गोष्टी हातांनी करून घ्या. पहिली, सभेची विषयपत्रिका वाचायला शिकवा, ती भाषा म्हणजे वेगळीच मराठी आहे, 'अवलोकनार्थ', 'कार्योत्तर मंजुरी', 'विषयांकित प्रकरणी'. 'कार्योत्तर मंजुरी' म्हणजे काम होऊन गेलं आणि आता हो म्हणा, हे कळल्यावर एक पोट्टं म्हणालं, मी पण घरी असंच करतो. दुसरी, माहितीचा अधिकार. १० रुपयांचं शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे कमी शब्दांत प्रश्न विचारायची सवयही लागते. अर्ज १८ वर्षांवरच्या सदस्याच्या नावाने टाका. बजेटचं पुस्तक, जुने ठराव, कामाचे आदेश यातूनच मिळतात.

तिसरी गोष्ट सर्व्हे, आणि इथे त्या पेपरवेटवाल्या यादीची गोष्ट पूर्ण करतो. त्या पोरीची पहिली यादी होती 'मंदिराजवळचा लाईट बंद, किराणा दुकानासमोरचा बंद'. दुसऱ्या वेळी आम्ही पाच जण रात्री आठला निघालो, तिच्या ट्यूशनपासून घरापर्यंत, एकाच्या हातात टॉर्च, एकाच्या हातात वही. प्रत्येक खांबावर रंगाने नंबर टाकलेला असतो, कुठे पोस्टरखाली दबलेला, कुठे पानाच्या पिचकारीखाली, टॉर्च मारून खरवडून वाचावा लागतो. चौदा खांब बंद निघाले. प्रत्येकाचा नंबर, तारीख, वेळ, आणि शेरा: दिवाच नाही, दिवा आहे पण लागत नाही, लागतो-विझतो, झाडाच्या फांदीत लपलाय. आठवड्याने कनिष्ठ अभियंत्याकडे गेलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पोल नंबर आहे का?" दहापैकी नऊ नागरिक इथेच गप्प होऊन परत जातात, हे त्यांना माहीत आणि मलाही. पोरीने वही पुढे केली. साहेबांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं, मग चष्मा लावला आणि म्हणाले, बसा.

तेव्हापासून आमचा नियम, नंबर नसलेली तक्रार आयोगात येत नाही. खांबाला पोल नंबर, बसला मार्ग क्रमांक आणि वेळ, शाळेतल्या नळाला मजला.

बैठक चालवायची कशी

अध्यक्ष पोरांतूनच, दर तीन महिन्यांनी बदलणारा. मोठी माणसं भिंतीला लागून बसतील आणि विचारल्याशिवाय बोलणार नाहीत, हे मलाही लागू, आणि मला हे फार जड जातं. दीड तासाच्या वर बैठक नको. एका बैठकीत जास्तीत जास्त दोन विषय. शिफारस एका पानाची: प्रश्न काय, पुरावा काय, कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याने काय करावं, अंदाजे खर्च येईल का. 'शहर सुंदर व्हावं' असलं वाक्य आलं की खोडा, ते कोणाच्याच टेबलावर जात नाही.

सुरक्षितता, हे हसण्यावारी नेऊ नका

१८ च्या आतल्या प्रत्येकाच्या पालकाची लेखी संमती घ्या, बैठकीसाठी वेगळी आणि फोटोसाठी वेगळी. पोरींचे नंबर असलेला व्हॉट्सअॅप ग्रुप अधिकाऱ्यांना उघडा करू नका, अधिकाऱ्यांशी बोलायला समन्वयकाचा एकच नंबर. कोणत्याही अल्पवयीन सदस्याला अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये एकटं पाठवायचं नाही, कायम दोघं आणि सोबत एक मोठं माणूस. बैठक अंधाराच्या आत संपली पाहिजे, रात्रीचा सर्व्हे असेल तर प्रत्येकाला घरापर्यंत सोडायचं, आणि सगळे पोचले हे कळेपर्यंत समन्वयकाने झोपायचं नाही. कोणी वावगं वागल्याचं पोराने सांगितलं तर 'आपसात मिटवू' नाही, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या पोक्सो कायद्यात माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे.

कुठे तुटतं

दुसऱ्या वर्षी तुटतं. पोट्टे बारावीत जातात, पुण्याला जातात, नोकरीला लागतात. म्हणून मुदत दोन वर्षांची आणि दरवर्षी निम्मे नवीन, जुन्याने नव्याला वही सोपवायची. निवडणूक लागली की आचारसंहितेत सरकारी सभागृह मिळत नाही, तेव्हा भेटायला एखादं वाचनालय आधीच बघून ठेवा. आणि सदस्य एखाद्या पक्षाच्या प्रचारात फिरला तर काय, हे नियमात पहिल्याच दिवशी लिहा, आमच्याकडे नव्हतं लिहिलेलं आणि दोन महिने त्याच भांडणात गेले.

उत्तर आलं की

शिफारस देताना दोन प्रती न्या, आवक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, देतो साहेबांना' म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. वहीत तारीख लिहा, त्यापुढे तीसावा दिवस लिहा, आणि विसाव्या दिवशी एक साधं स्मरणपत्र द्या.

आमच्या खांबांचं उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं, अर्ध्या पानाचं, चौदापैकी नऊ दुरुस्त केले, तीन खांबांजवळच्या फांद्या छाटण्यासाठी उद्यान विभागाला कळवलं, आणि दोन खांब 'या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाहीत'. ते उत्तर पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचलं. मग त्याच रात्री पुन्हा टॉर्च घेऊन निघालो, नऊपैकी आठ खरंच लागत होते. नवव्याचा नंबर दुसऱ्या दिवशी लिहून दिला, आणि त्या दोन खांबांसाठी वहीच्या उजव्या पानावर नव्या ऑफिसचं नाव शोधायला दोघांना लावलं.